ट्रोम्सोच्या आकाशाबद्दल माझी साक्ष

कामठा, जि. गोंदिया
२४ सप्टेंबर २०१४

चि. अल्का हीस,

सप्रेम जयभीम. तुझी आई आणि मी कुशल आहोत. तूही तिथल्या वाढत्या थंडीत प्रकृतीला जपून असशील असे गृहीत धरतो.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. वैशाख पौर्णिमेला आपल्या विहारात तुझ्या छायाचित्राविषयी मी जे बोललो, ते त्या वेळी माझ्याजवळ असलेल्या पुराव्याला धरून होते. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. फोन आईचा वाजतो, आणि मी खोलीत आलो की तुमचे बोलणे पावसापाण्यावर येते. ही तक्रार नव्हे. प्रकरणाची सद्यस्थिती नोंदवतो आहे.

अक्षर नेहमीपेक्षा मोठे दिसेल. पेन जाड आहे आणि कागद रेघांचा मिळाला नाही.

इकडील वर्तमान असे. हलके धान निसवले आहे, भारी धानाला अजून एक पाऊस हवा. आज सकाळी आपले यान मंगळापाशी पोहोचल्याची बातमी आली आणि रत्नपालने विहाराच्या ओट्यावर टीव्ही आणून ठेवला. एकेकाळी महाविद्यालयात मी त्याला तर्कशास्त्र शिकवले. आता विहार समितीचा सचिव म्हणून तो मला नियम शिकवतो. टाळ्या संपल्यावर तो माझ्याजवळ आला.

"सर, दसऱ्याले अल्काताईचे फोटो परत लावाचं ठरलं हाय. बाकीचे लावतो. त्या मोठ्या फोटोचं काय करू? कपाटामागं ठेवला हाय, भिताडाकडं तोंड करून."

मी विचार करून सांगतो म्हणालो.

"उन्हाळ्यापासून तुमी विचारच करून राहिले, सर," तो म्हणाला आणि टीव्हीची वायर गुंडाळू लागला.

घरी आलो. बसवेना, म्हणून नहरापर्यंत चालत जाऊन आलो आणि आता हे लिहायला घेतले आहे. प्रथम निर्विवाद गोष्टी मांडतो.

मार्चमध्ये मी तुझ्याकडे नॉर्वेत, ट्रोम्सोला आलो. एका संध्याकाळी आपण ध्रुवीय प्रकाश पाहायला छोट्या बसने शहराबाहेर, बर्फाळ किनाऱ्यावर गेलो. तू तिपाईवर कॅमेरा बसवलास आणि मला पुढे उभे राहायला सांगितलेस, म्हणजे आकाशाचा विस्तार मापता येईल. त्या छायाचित्रात एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत हिरवा पट्टा आहे, त्याच्या खालच्या कडेला लाल झाक आहे, आणि खाली कानटोपी घातलेला, पाठमोरा मी आहे. यातले काहीही मी कधी नाकारलेले नाही.

वाद रंगाचा आहे. मला तिथे दिसला तो करडा पट्टा. धान उपणताना वाऱ्यावर कोंडा लांबत जातो, तसा. तुझा कॅमेरा कित्येक सेकंद उघडा राहून प्रकाश साठवतो. माणसाचा डोळा साठवत नाही. मंद उजेडात डोळ्याला आकार कळतो, रंग कळत नाही, हे तूच मला विमानतळावरून घरी नेताना समजावले होतेस. तेव्हा छायाचित्रात हिरवे उमटले एवढ्यावरून पाहणाऱ्याला हिरवे दिसले होते असा निष्कर्ष निघत नाही. हा माझा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा आपल्या खळ्यावरच्या नियमाचा. दर डिसेंबरात आपण धानाच्या तणसावर पडून उल्का मोजतो. एकाने "गेला" म्हणून चालत नाही. दोघांनी पाहिला तरच धरायचा. हा नियम मी घालून दिला. लहानपणी तू एकटीने पाहिलेली मोठी उल्का मी मोजली नाही म्हणून तू रुसली होतीस आणि सकाळपर्यंत जेवली नव्हतीस, तरीही मी ती मोजली नाही. ट्रोम्सोच्या त्या रंगाला आपल्यापैकी साक्षीदार दोघेच होते, आणि दोघांचे म्हणणे जुळत नव्हते.

तिसरा मुद्दा परिस्थितीचा. फोटो तू विहाराच्या दाराजवळ लावलास. लोक आधी मला ओळखून हसले. "सर त शेकोटी हुडकून राहिले वाटते," असे कोणीतरी म्हणाले. मग शेजारच्या पोवारांच्या गोमतीबाई आल्या. त्यांनी वर पाहून पदर सावरला आणि फोटोखाली मोगऱ्याची ओंजळ ठेवली.

"जोत होय ही, बाई. बुद्धबाबाची जोत."

तू म्हणालीस, "काकी, जोत नाही. सूर्याकडून कण येतात, ते हवेवर आदळले की उजेड पडतो."

"तेच त मी म्हनून राहिली," त्या म्हणाल्या. "वरूनच येते ना?"

थोड्या वेळाने तिथे उदबत्ती लागली. १९९९च्या ग्रहणाला आपण याच ओट्यावर भाज्या चिरून पंगत बसवली होती. तू शाळेत होतीस आणि काकड्या तू चिरल्या होत्यास. त्याच ओट्याजवळ, आपल्याच घरातून आलेल्या वस्तूला धूप दाखवला जात होता. मी अस्वस्थ झालो. तू एकेकाला समजावत होतीस, आणि मध्येच माझ्याकडे वळलीस.

"बाबांना विचारा. फोटोतच उभे आहेत. बाबा, सांगा ना यांना, कसा होता रंग?"

मी म्हणालो, "मला रंग दिसला नाही. करडा ढग दिसला."

"मंग हिरवा कुठून आला?" मागून कोणीतरी विचारले.

"कॉम्प्युटरमंधी भरला असंन. गोंदियाचे स्टुडिओवाले काळी नवरी गोरी करून देतेत, हे त आभाळच हाय," दुसरा कोणी म्हणाला.

विहारभर हसू पसरले. तू हसली नाहीस. तू फार हळू विचारलेस, "बाबा, तुम्हाला दिसला नाही, की नव्हता?"

मी म्हणालो, "नव्हता."

उदबत्ती कोणीतरी काढून नेली. अंधश्रद्धेला एका वाक्यात पायबंद बसला असे मला वाटले. पुढे काय झाले ते तुला ठाऊक आहे. एका स्थानिक वर्तमानपत्राने चौकटीत बातमी छापली. तू आणि रत्नपालने तालुक्यातल्या शाळांतून आकाशाचे कार्यक्रम ठरवले होते, ते एकामागून एक रद्द झाले. दवनीवाड्याच्या एका शिक्षकाने रत्नपालला सांगितले, "खुद्द बापच खोटं म्हणतो, तं आमी पोराहिले काय दाखवावं?" तू सुटी अर्धी टाकून परत गेलीस. आपल्या गावात तुझ्या शब्दाला आता किंमत नाही. हे परिणाम वाईट आहेत. पण परिणाम वाईट म्हणून विधान असत्य ठरत नाही.

इथे थांबतो. दिवे गेले आहेत.

२६ सप्टेंबर

परवाचे लिखाण आज सकाळी वाचले. हीच उत्तरपत्रिका एखाद्या विद्यार्थ्याची असती तर तिसऱ्या मुद्द्यापूर्वीच मी लाल रेघ ओढली असती.

मेजावर घागर दिसत नाही, म्हणून घागर नाही, असे अनुमान करता येते. पण उजेड आहे, मध्ये आडोसा नाही आणि पाहणाऱ्याचा डोळा धड आहे, एवढे आधी ठरले पाहिजे. जे असते तर नक्कीच दिसले असते, त्याच्याच न दिसण्यावरून त्याचा अभाव सिद्ध होतो. हे आपल्या जुन्या बौद्ध नैयायिकांचे म्हणणे मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी शिकवले. फळ्यावर घागर काढत असे. मुलांनी माझे नावच "घागर सर" ठेवले होते, आणि ते मला माहीत होते.

वरच्या माझ्या युक्तिवादात उजेडाची चर्चा आहे, कॅमेऱ्याची आहे, नियमाची आहे, गोमतीबाईंच्या मोगऱ्याची आहे. डोळ्याची नाही.

तेव्हा डोळ्याकडे येतो.

या महिन्याच्या सुरुवातीला मी किरकोळ कामासाठी गोंदियाला गेलो होतो, असे आईने तुला फोनवर सांगितले. ते तिने माझ्या सांगण्यावरून सांगितले. माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. डावा अजून व्हायचा आहे. पेन जाड नाही, अल्का. अक्षर मोठे काढल्याशिवाय मला माझी ओळ दिसत नव्हती, आणि आता दिसते तरी हाताची सवय गेलेली नाही.

मी कपाबाहेर चहा ओतला म्हणून तुझ्या आईने मला गोंदियाला नेले. पट्टी निघाल्यावर घरी आलो. पडवीतल्या खुंटीवर तू मे महिन्यात विसरून गेलेला मफलर टांगलेला आहे, ट्रोम्सोला तुझ्या गळ्यात असायचा तो. रोवणीआधीच्या धानाच्या पऱ्ह्यांचा असतो तसा कोवळा हिरवा मफलर मला खुंटीवर दिसला. मी आईला विचारले, हा नवा कोणाचा?

"नवा कोनाचा? अल्काचा होय तो. तुमी काय समजून राहिले होते?"

मी म्हणालो, तिचा मफलर राखी आहे.

"राखी?" ती सूप खाली ठेवून बाहेर आली. "हिरवा हाय तो, पहिल्या दिवसापासून हिरवा हाय. माह्या नव्या लुगड्याले मातकट म्हनलं तवाच मले समजलं होतं. दिसत नाई तं नाई म्हना ना सरळ. कायले लेकीले खोटी पाडलं?"

मी उजवा डोळा झाकला: मफलर राखी, जरा पिवळट. डावा झाकला: हिरवा. बराच वेळ मी हे करत उभा होतो. शेवटी तुझी आई म्हणाली, "आता पुरे. लोक पाहून राहिले." समोरच्या घराच्या ओट्यावर खरेच कोणी कोणी उभे होते.

तुला ती वृद्ध नॉर्वेजियन बाई आठवत असेल. आपल्याच बसने आलेली, काठी टेकत बर्फात उतरलेली. आकाशात तो पट्टा हलू लागला तेव्हा ती आपल्याजवळ आली. बसच्या उघड्या दारातून उजेड पडत होता. तिची भाषा मला येत नव्हती. तिने तुझ्या मफलरचे टोक चिमटीत धरले, मला दाखवले, आणि तेच बोट वर केले. मी त्याचा अर्थ असा लावला की बाहेर फार गारठा आहे, मुलीचा गळा नीट झाक, असे ती सांगते आहे. मी मान डोलावली आणि तुझा मफलर घट्ट केला. तू आणि ती दोघी हसलात. मला वाटले, म्हातारा बाप मुलीला मफलर बांधतो म्हणून हसलात.

ती मला रंग सांगत होती. साक्षीदार दोघे नव्हते, तिघे होते, आणि दोघींचे म्हणणे जुळत होते. माझाच नियम लावला तर ट्रोम्सोचा हिरवा रंग त्या क्षणी सिद्ध झालेला होता.

तरीही काटेकोर राहतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला आज मफलर हिरवा दिसतो, यावरून मार्चमध्ये तो डोळा धड असता तर त्याला आकाश हिरवे दिसलेच असते, असे सिद्ध होत नाही. एवढेच सिद्ध होते की साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस साक्ष द्यायला अपात्र होता. अपात्राची साक्ष वगळली की उरते ती तुझी साक्ष, आणि ती खोडणारे काहीही उरत नाही.

इथे पत्र पुरे करता आले असते. डोळ्याने फसवले, असे लिहून सही करता आली असती. तासाभरात तीन वेळा उठलो आणि तीन वेळा बसलो. आज पुरे.

२८ सप्टेंबर

डोळ्याने मला फसवले नाही. मला माहीत होते.

२०१२च्या डिसेंबरात, अमावस्येच्या काळोखात, खळ्यावर सगळे "गेला, गेला" ओरडत होते आणि मला काही दिसत नव्हते. दुसरा साक्षीदार नेहमी मी असे, म्हणून मी त्या उल्का एकेक करून बाद करत गेलो. रत्नपाल तणसातून उठून बसला आणि म्हणाला, "सर, तुमी पाहून नाई राहिले, म्हनून तारा पडलाच नाई काय?" सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या दिवाळीच्या सुमारास गोंदियाला चष्म्याचा नंबर बदलायला गेलो. दुकानदाराने चार भिंगे लावून पाहिली आणि मग सगळी काढून ठेवली. "मास्टरजी, नंबर का कुछ नहीं। मोतिया है। डॉक्टर को दिखा दो।" मी त्याला बरे म्हणालो आणि घरी येऊन सांगितले की नंबर तोच आहे. ट्रोम्सोला आलो ते त्याच डोळ्यांनी आणि ते माहीत असताना आलो.

आता राहिले ते लिहितो. त्यासाठीच बहुधा हे पत्र सुरू केले, आणि ते लिहावे लागू नये म्हणून इतके लांबवले.

त्या किनाऱ्यावर तू कॅमेऱ्याजवळून ओरडलीस, "बाबा, हिरवं! आता खाली लाल कड आली, पाहिली? दिसलं ना?"

मी म्हणालो, "दिसलं."

तू पुन्हा विचारलेस, "लालसुद्धा?" आणि मी म्हणालो, "हो, लालसुद्धा."

म्हणूनच विहारात तू निर्धास्तपणे माझ्याकडे वळलीस. इतर कोणाला वाटले असेल की मुलीने बापाला अवघड प्रश्न विचारला. तू तर उत्तर आधीच मिळालेला प्रश्न विचारत होतीस.

तुझा आनंद मोडू नये म्हणून तिथे "दिसलं" म्हणालो, असे लिहिण्याचा मोह झाला होता. ते खरे नाही. "नाही" म्हटले असते तर पुढचा प्रश्न डोळ्याचा आला असता. डोळ्याचा प्रश्न आला असता तर खळ्यावर कोणती उल्का धरायची आणि कोणती नाही, हे ठरवणारा मी राहिलो नसतो. गावात माझ्याजवळ दुसरे काय आहे? वाद मिटवायला लोक माझ्याकडे येतात, कारण सर पाहिल्याशिवाय बोलत नाहीत असे ते मानतात. त्याच भीतीने विहारात उलट उत्तर दिले. "मला दिसला नाही" यावर थांबलो असतो तर कोणीतरी विचारले असते, काऊन दिसला नाही? "नव्हता" म्हटल्यावर कोणी काही विचारत नाही. उदबत्तीची चिंता खरी होती. पण ती मला सोयीची झाली.

तू मला वाट करून दिली होतीस. तुम्हाला दिसला नाही, की नव्हता? हा प्रश्न माझ्या वर्गात पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही विचारू शकला असता, आणि मी त्याची पाठ थोपटली असती. तू तो विचारलास तेव्हा तुला सगळे समजलेले होते, असे आता वाटते. "तिथे तुम्ही हो म्हणाला होतात" एवढे तू म्हणाली असतीस तर विहारात त्या क्षणी खोटा मी ठरलो असतो. तू ते म्हणाली नाहीस. तू फोटोखालचा मोगरा गोळा केलास, गोमतीबाईंना परत दिलास आणि बाहेर गेलीस.

पत्राच्या आरंभी जे सिद्ध करायचे म्हटले होते ते सिद्ध झालेले नाही. मी तुझ्याकडे काही मागत नाही. फोनवर माझ्याशी बोलावेस अशी अटही घालत नाही. तुझ्या मौनाला तुझी कारणे आहेत आणि ती मला पटली आहेत.

काल रत्नपालकडे गेलो. कपाटामागून फोटो त्याने आणि मी मिळून काढला. एका कोपऱ्याला ओल लागली आहे, चित्राला धक्का नाही. तो म्हणाला, "सर, लावतो मी. पन लोकायनं पुन्हा उदबत्ती लावली तं?"

मी म्हणालो, "तर पुन्हा समजावून सांगू. तेवढ्यासाठी फोटो खोटा ठरवायची गरज नव्हती."

त्याने ओल लागलेला कोपरा पुसला. मग म्हणाला, "हे तुमी माइकवर बोलान काय?"

बोलेन असे सांगितले. आज दुपारी हे पत्र टाकतो. ते तुझ्या हाती पडेल तेव्हा दसरा होऊन गेलेला असेल, म्हणजे तुझी संमती घेऊन किंवा तुझ्याकडून सुधारून मला काही वाचता येणार नाही. तसेच हवे. आयत्या वेळी बोलायला गेलो तर मी पुन्हा मुद्दे मांडू लागेन, हे मला ठाऊक आहे; म्हणून निवेदन लिहून काढले आहे. त्याची प्रत खाली देतो.

"धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जमलेल्या उपासक-उपासिकांनो, गेल्या वैशाख पौर्णिमेला याच जागी मी माझ्या मुलीच्या छायाचित्राविषयी सांगितले की आकाशात रंग नव्हता. मला त्या वेळी मोतीबिंदू होता. तो आहे हे मला माहीत होते आणि मी ते घरातही लपवले होते. मला दिसत नाही असे सांगायचे सोडून मी ते नव्हतेच असे सांगितले. माझी चूक ती ही. छायाचित्र खरे आहे. ज्या शाळांनी कार्यक्रम रद्द केले त्यांनी ते माझ्या शब्दावर केले. तो शब्द मी मागे घेतो. आणखी एक गोष्ट या सभेला माहीत नाही. ट्रोम्सोला, त्या आकाशाखाली, माझ्या मुलीने मला रंग दिसला का असे विचारले होते, आणि मी दिसला म्हणून सांगितले होते. पौर्णिमेला हे या सभेत दोघांनाच ठाऊक होते. मी बोललो नाही, कारण मला स्वतःला वाचवायचे होते. तीही बोलली नाही, कारण तिलाही मलाच वाचवायचे होते.

शालिकराम मेश्राम"